कोंडाणे आणि कोठीघर

कर्जतहून राजमाचीस जाणाऱ्या वाटेवर, उल्हास नदीच्या खोऱ्यात कोंडाणे नावाचे गाव आहे. नामसादृश्यामुळे पुष्कळांस तानाजीचा कोंढाणा आठवतो. त्याचा ह्या गावाशी काही संबंध नाही. गावावरील रानात इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या सुमाराचे बौद्ध चैत्यगृह व विहार आहेत. कण्हाचा शिष्य बलक ह्याने हे केले, अशा अर्थाचा ब्राह्मी लेखही तेथे आहे. रसिकांनी येथील कोरीव कामाची वाखाणणी पुष्कळ केली आहे. आम्हांस मात्र येथे निराळ्याच गोष्टीचा विचार करावयाचा आहे. विहारात भिक्षूंस निजावयाच्या खोल्या आहेत; कोठीघर नाही.

ते असावयाचेही नव्हते. विनयाच्या नियमाप्रमाणे भिक्षूने मिळालेले अन्न त्याच दिवशी मध्यान्हापूर्वी खावयाचे. उद्यासाठी राखून ठेवणे हा दोष. तूप, लोणी, तेल, मध आणि गूळ ही पाच औषधे तेवढी आजाऱ्याने सात दिवस जवळ बाळगावी. बुद्धनिर्वाणानंतर शंभर वर्षांनी वैशालीस संगीति भरली, असे परंपरा सांगते. तीतील दहा वादांपैकी एक वाद, भिक्षूने शिंगात मीठ साठवावे की नाही, हा होता. निर्णय साठवू नये असा झाला. चिमूटभर मिठावरून संघात तट पडावेत ह्याचे हसू येईल. परंतु आज मीठ साठविणारा उद्या तांदूळ साठवील, हे त्या स्थविरांनी ओळखले असावे.

आता भिक्षूने साठवावयाचे नाही, म्हणजे कोणीतरी दुसऱ्याने साठविलेच पाहिजे. वर्षावासात संघ एका जागी राही, आणि ह्या भागात भाताचे पीक तर दिवाळीच्या सुमारास हाती येते. तेव्हा आषाढात भिक्षापात्रात पडणारा घास गेल्या कार्तिकापासून कोणा गृहिणीने राखलेला असावयाचा. तिच्या नावाचा लेख कोठे नाही.

राजांच्या साठवणीचे लेख आहेत. सतराव्या शतकाच्या आठव्या दशकात शिवाजी महाराजांनी चिपळूणकडील लष्करी अधिकाऱ्यांस लिहिलेले पत्र प्रसिद्धच आहे. पावसाळ्यासाठी ठेवलेला दाणा-गवत आधीच उधळाल, तर पुढे घोडी मरतील व तुम्ही रयतेस उपद्रव द्याल. दिवा जळत ठेवाल, तर उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गंजी भस्म होईल, असा त्याचा आशय. हा उंदीर ज्यास सुचला, त्यास कोठीची खरी माहिती होती! राजमाचीच्या श्रीवर्धन बालेकिल्ल्यावर खडकात कोरलेल्या खोल्या आहेत, त्या कोठारे म्हणून दाखवितात. तेथेही हाच घोर असेल.

घरची व्यवस्था ह्याहून लहान, पण कमी शिस्तीची नव्हे. भातासाठी बांबूची कणगी, शेणमातीने सारवलेली. ती पावसाळ्यापूर्वी रिकामी करावयाची, उन्हात द्यावयाची, पुन्हा लिंपावयाची. वालांस राख चोळावयाची, डाळीस एरंडेल, तांदळात कडूनिंबाचा पाला. मडक्यांच्या उतरंडीत रोजचे जिन्नस खाली ठेवल्यास सारी उतरंड उतरवावी लागे. म्हणून कोणते मडके वर, हे ठरलेले असे. जुना तांदूळ पुढे, नवा मागे, कारण नव्याचा भात चिकट होतो. हे शास्त्र सासूच्या तोंडी व तिच्या कंबरेच्या किल्लीत असे. सुनेस ती किल्ली मिळेपर्यंत तिचे केस पिकत. त्या जुन्या व्यवस्थेचे गोडवे गाताना हे विसरून चालणार नाही. रामचंद्र सखाराम गुप्ते ह्यांचे ‘सूपशास्त्र’ १८७५ साली, व लक्ष्मीबाई धुरंधर ह्यांचे ‘गृहिणीमित्र’ १९१० साली निघाले, तेव्हा त्या ज्ञानाचा काही भाग प्रथमच छापला गेला.

बोरघाटाची रेल्वे १८६३ साली सुरू झाली. देशावरचा दाणा कोकणात सहज येऊ लागला. पुढे रॉकेलचे रिकामे डबे आले आणि मडकी मागे पडली. १९४३ च्या मे महिन्यात मुंबईत शिधावाटप सुरू झाले. मुंबईकर कुटुंबात आठवड्याच्या शिध्यास कणगी कशास हवी? किल्लीची जागा पत्रिकेने घेतली. ह्या शिधापत्रिकेवर कुटुंबप्रमुख म्हणून बहुधा पुरुषाचेच नाव असे. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने मात्र, शिधापत्रिकेपुरती, घरातील सर्वांत वडील व सज्ञान स्त्री ही कुटुंबप्रमुख ठरविली आहे.