लोकशिक्षणाचा अर्थपुरवठा, मुंबई इलाख्यातील

मुंबई इलाख्यात प्राथमिक शिक्षणासाठी सरकारी व स्थानिक निधीतून पैसा पुरविण्याची ब्रिटिश अमदानीतील व्यवस्था. शिक्षण बहुजनांपर्यंत पोहोचावे हे तत्त्व १८५४ च्या वुडच्या खलित्यात मान्य झाले. तथापि त्याचा खर्च कोणी सोसावा व त्याला अंदाजपत्रकात कोणते स्थान असावे, हा वाद पुढे सुमारे शतकभर चालला.

ईस्ट इंडिया कंपनीच्या १८१३ च्या सनदेत शिक्षणासाठी दरसाल किमान एक लाख रुपयांची तरतूद होती. ती सर्व हिंदुस्थानासाठी असून प्रारंभीची काही वर्षे बव्हंशी कागदावरच राहिली. वुडच्या खलित्यानंतर स्वतंत्र शिक्षण खाते व खाजगी शाळांना सहायक अनुदान देण्याची पद्धत सुरू झाली. १८६३ च्या सुमारास इलाख्यात शेतसाऱ्यावर रुपयामागे एक आण्याची स्थानिक पट्टी बसविण्यात आली. तिच्या उत्पन्नाचा एकतृतीयांश भाग शाळांसाठी राखला जाई, उरलेला मुख्यतः रस्ते व इतर लोकोपयोगी कामांवर खर्च होई. १८६९ च्या कायद्याने या पट्टीला वैधानिक आधार मिळाला.

या व्यवस्थेतील विषमता महात्मा जोतीराव फुले (१८२७–९०) यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढील निवेदनात दाखवून दिली. सरकारी उत्पन्नाचा मोठा भाग रयतेच्या श्रमातून येतो. मात्र उच्च शिक्षणावरील खर्चाचा लाभ वरिष्ठ वर्गांना मिळतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. स्थानिक पट्टीचा निदान निम्मा भाग केवळ प्राथमिक शिक्षणास द्यावा, अशी त्यांची मागणी होती. स्थानिक निधीवर प्राथमिक शिक्षणाचा अग्रहक्क आयोगाने मान्य केला. परंतु सक्तीच्या शिक्षणाची शिफारस केली नाही.

देशी संस्थानांनी याबाबतीत आघाडी घेतली. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी १८९३ मध्ये अमरेली भागात व १९०६ मध्ये संस्थानभर सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केले. कोल्हापुरात शाहू छत्रपतींनी १९१७ मध्ये तसाच निर्णय घेतला. ब्रिटिश हिंदुस्थानासाठी गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ मध्ये केंद्रीय विधिमंडळात विधेयक मांडले. खर्चाचा दोनतृतीयांश भार सरकारने व उरलेला स्थानिक संस्थांनी उचलावा, अशी त्यांची योजना होती. १९१२ मध्ये ते १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नाने मुंबई इलाख्यात १९१८ मध्ये झालेल्या कायद्याने नगरपालिकांना सक्तीचे शिक्षण सुरू करण्याचा अधिकार मिळाला.

१९२१ पासून द्विदल राज्यपद्धतीत शिक्षण हे लोकनियुक्त मंत्र्याकडील सोपीव खाते झाले, पण अर्थखाते राखीव राहिले. परिणामी जबाबदारी एकाकडे व तिजोरी दुसऱ्याकडे, अशी स्थिती निर्माण झाली. १९२७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात या अग्रक्रमावरच बोट ठेवले. इलाख्यात शिक्षणावर दरडोई केवळ १४ आणे खर्च होतात, तर अबकारी करापोटी लोकांकडून दरडोई दोन रुपयांहून अधिक वसूल होतात. निदान घेतले जाते तेवढे तरी शिक्षणावर खर्चावे, असे ते म्हणाले. १९३७ मध्ये काँग्रेस मंत्रिमंडळापुढे हाच प्रश्न निराळ्या स्वरूपात उभा राहिला. दारूबंदी केल्यास अबकारीचे उत्पन्न बुडणार होते आणि शिक्षणाचा विस्तार त्या उत्पन्नाशी निगडित होता. महात्मा गांधींनी पुरस्कारिलेल्या वर्धा योजनेतील स्वावलंबी शाळेच्या कल्पनेमागे ही अडचणही होती.

स्वातंत्र्योत्तर काळात संविधानाने चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणासाठी दहा वर्षांची मुदत ठरविली. कोठारी आयोगाने (१९६४–६६) शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के खर्च व्हावा, अशी अपेक्षा व्यक्त केली. शिक्षणाचा हक्क मात्र २००९ च्या कायद्याने, १ एप्रिल २०१० पासून प्रत्यक्ष अंमलात आला. म्हणजे गोखल्यांच्या विधेयकानंतर जवळजवळ शंभर वर्षांनी हा खर्च राज्यसंस्थेचे कायदेशीर कर्तव्य ठरला.