मुंबईतील गोवेकरांच्या कुडी

मुंबईच्या गिरण्या, गोद्या आणि चाळी यांवर पुष्कळ लिहिले गेले. त्या मानाने गोवेकरांच्या कुडींची उपेक्षाच झाली. कोकणीत कूड म्हणजे खोली. एकोणिसाव्या शतकात पोर्तुगीज अमलाखालील गोव्यातून आचारी, बटलर, शिंपी, वादक आणि खलाशी पोटासाठी मुंबईत येऊ लागले. परक्या शहरात त्यांना जागा कोण देणार? तेव्हा एकेका गावच्या मंडळींनी मिळून खोल्या भाड्याने घेतल्या व त्यांना गावाचेच नाव दिले. धोबीतलावच्या जेर महालात अशा कित्येक कुडी होत्या.

तेथे बिऱ्हाड थाटणे सोपे असे. गावची ओळख, महिन्याची अल्प वर्गणी, पेटी ठेवण्यापुरती जागा आणि रात्री अंथरायला चटई. जहाज मिळेपर्यंत खलाशाला कित्येक आठवडे तिष्ठावे लागे. खिसा रिकामा असला तरी डोक्यावर छप्पर राही. वेदीवर गावच्या आश्रयदात्या संताची प्रतिमा असे आणि रात्री सर्वांनी मिळून रोझरी म्हणायची असे. गैरहजर राहणाऱ्यास काही कुडींत दंडही होई. (आम्हां पाळकांना या नियमाचा किंचित हेवा वाटतो!)

मात्र कूड पुरुषांचीच. पत्नी व मुले आणायची म्हणजे स्वतंत्र खोली पाहणे आले, आणि तेथे पागडी आडवी येई. १९४७च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या जागांची भाडी १ सप्टेंबर १९४०च्या पातळीशी बांधली. भाडेकरू निर्धास्त झाला, पण मालकाचा डागडुजीतील रस संपला आणि नव्या माणसाकडून गुपचूप पागडी घेतली जाऊ लागली. तिला कायद्याची मान्यता मिळाली ती थेट १९९९च्या कायद्याने. तो ३१ मार्च २०००पासून अमलात आला. आमच्या मते ज्या कायद्याने भाड्याच्या कुडी तगल्या, त्यानेच त्यांतून बाहेर पडू पाहणाऱ्या संसारांची वाट अवघड केली.

आता जुन्या इमारती पुनर्बांधणीस निघतात आणि भाडेकरू कोण, हा प्रश्न उभा राहतो. पावती क्लबच्या नावाची, सभासद मात्र गोव्यात, आखातात, विलायतेत विखुरलेले. ज्यांच्या घरी आजोबांची जुनी भाडेपावती किंवा कुडीची वर्गणीवही असेल, त्यांनी ती रद्दीत घालू नये. एक प्रत आपल्या धर्मग्रामाच्या कार्यालयातही ठेवावी.