वेताळाचे पुनर्वाचन

ली फॉक यांनी १९३६ मध्ये निर्मिलेला मुखवटाधारी 'फँटम' १९६४ पासून 'इंद्रजाल कॉमिक्स'द्वारे भारतात घरोघर पोहोचला. हिंदीत तो 'वेताल' झाला. जयपूरला अंक हिंदी आणले, तरी आमच्या मराठी घरात त्याचा 'वेताळ'च होई. (राजस्थानीतही 'ळ' आहेच!) कोकणचे ग्रामदैवत असे परक्या अरण्यात नांदू लागले.

आज ते अंक पुन्हा वाचताना कवटीची शपथ, गुहा, पांढरा घोडा सारे तसेच रम्य वाटते. परंतु पिढ्यान्‌पिढ्या एका गोऱ्या घराण्याने कृष्णवर्णीय टोळ्यांचे रक्षण करावे, हे तेव्हा आम्हांला खटकले कसे नाही? भारतीय संपादकांना खटकली ती नावे: 'सिंग' चाच्यांचे त्यांनी 'सिंगा' केले आणि खुनी 'रामा'चा 'रामालू'.