अवकाश आहे का?

‘अवकाश’ या शब्दाचा आमच्या शाखेत एकच अर्थ चालतो. खातेदार काउंटरवर पासबुक सरकवतो आणि आम्ही म्हणतो, ‘‘आत्ता अवकाश नाही, चारला या.’’ या शब्दाला आणखी एक अर्थ आहे आणि त्यात ग्रह, तारे, आकाशगंगा वगैरे बडी मंडळी राहतात, हे शाळेत वाचलेले होते. पण बी.कॉम. होऊन पलूससारख्या गावी वीस वर्षे दुसऱ्यांच्या नोटा मोजल्यावर माणसाची नजर सहसा काउंटरच्या काचेपलीकडे जात नाही.

तरीही अवकाशाची एक कचेरी मी आतून-बाहेरून पाहून आलो आहे, आणि त्याचे पुण्य गणपतीकडे जाते. अष्टविनायकांपैकी ओझर आणि लेण्याद्री हे दोघे जुन्नर तालुक्यात. आमच्या शाखेची सहकुटुंब सहल तिकडे निघाली होती. विज्ञानदिन, म्हणजे २८ फेब्रुवारी, नेमका चौथ्या शनिवारी पडला, त्यामुळे बँकेला सुट्टी. त्या दिवशी नारायणगावाजवळच्या खोडदची रेडिओ दुर्बीण लोकांना दाखवतात, ही बातमी हेडकॅशियरांच्या चिरंजीवांनी आणली. ‘‘दोन देवांच्या मधे एक विज्ञान बसतंय की!’’ हेडकॅशियर म्हणाले आणि ठराव मंजूर झाला.

अवकाशाचा नियंत्रण कक्ष म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे २३ ऑगस्ट २०२३ ची संध्याकाळ येते. चांद्रयान-३ चंद्रावर उतरले, बंगळूरच्या त्या दालनात एकच टाळ्या झाल्या, आणि इकडे पलूसच्या चौकात पेढे वाटले गेले. आमच्या मंडळींना खोडदला तेच पाहायचे होते. बसमधून उतरल्या उतरल्या आमच्या शिपाईमामांनी दाखवायला आलेल्या तरुण शास्त्रज्ञाला विचारले, ‘‘यान कुठनं सोडता?’’

‘‘इथून काही सोडत नाही, मामा. आम्ही फक्त ऐकतो.’’

‘‘एवढा खर्च करून?’’ मामा म्हणाले. घरी आयुष्यभर फुकट ऐकत आलेल्या माणसाचा हा प्रश्न अगदी रास्त होता.

पण काय ते ऐकण्याचे साहित्य! जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, जीएमआरटी, असे त्याचे नाव. उलट्या धरलेल्या छत्रीसारख्या तीस तबकड्या, आणि एकेका तबकडीचा व्यास ४५ मीटर. चौदा तबकड्या एका चौरस किलोमीटरभर जागेत दाटीवाटीने उभ्या. उरलेल्या सोळा तीन दिशांना, इंग्रजी वाय अक्षरासारख्या, पार २५ किलोमीटरपर्यंत फाकलेल्या. म्हणजे पहिली पलूसच्या स्टँडवर ठेवली तर शेवटची थेट सांगलीच्या वेशीकडे तोंड काढील. या सगळ्या तबकड्या काचतंतूच्या तारांनी एका इमारतीला जोडलेल्या आहेत, आणि तिथे बसलेली दोन-चार माणसे त्यांची तोंडे हवी तिकडे फिरवतात. माझ्या शाखेतली सहा माणसे एका दिशेला तोंड करायला मला अजून जमलेली नाहीत.

तबकडी जवळून पाहिली तर आरपार दिसते. पत्रा नाही, जाळी! बारीक पोलादी तारांची, आमच्याकडे द्राक्षांवर पाखरांसाठी पसरतात तशी. या जाळीतून वारा सुटून जातो, म्हणून सांगाडा हलका चालतो आणि खर्च वाचतो. लांब लहरींना मात्र ती भिंतीसारखीच वाटते, त्या आपटून परत फिरतात. ही युक्ती प्रा. गोविंद स्वरूप यांची. काटकसरीतून मोठे काम करणारा हा माणूस बँकेत असता तर आमचे ऑडिटर उपाशी मेले असते.

यांची कथा मला सहलीहून परतल्यावर पोथीसारखी वाचावी लागली. जन्म १९२९ चा, उत्तर प्रदेशातला. १९५३ मध्ये हा तरुण ऑस्ट्रेलियाला शिकायला गेला. तिथल्या पॉट्स हिल केंद्रातल्या सहा-सहा फुटी बत्तीस तबकड्या निकालात निघायच्या होत्या. याने त्या भारतासाठी मागितल्या आणि त्यांनी दिल्यासुद्धा! पुढे जहाजभाडे कोणी भरायचे यावर घोडे अडले. (कर्ज मंजूर आणि स्टँपच्या पैशांसाठी फाइल पडून, हा प्रकार मला नवा नाही.) अखेर त्या आल्या आणि १९६५ मध्ये मुंबईजवळ कल्याणला उभ्या राहिल्या. भारतातली ही पहिली मोठी रेडिओ दुर्बीण दुसऱ्याच्या मोडीतून झाली. तोवर होमी भाभांनी स्वरूपांना टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बोलावून घेतले होते. १९७० मध्ये उटीला त्यांनी डोंगराच्या उतारावर ५३० मीटर लांबीची दुर्बीण आडवी केली. उतार असा निवडला की दुर्बिणीचा अक्ष आपोआप पृथ्वीच्या अक्षाशी समांतर व्हावा. म्हणजे एका बाजूचे काम डोंगरालाच लावले, पगार न देता. मग १९९० च्या दशकात खोडद.

खोडदच का? तर इथे शांतता आहे. आता नारायणगावचा आठवडेबाजार ज्याने ऐकला आहे तो हसेल. पण ही शांतता आपल्या कानांची नव्हे, रेडिओची. भोवती डोंगर, त्यामुळे शहरांचा गोंगाट आत येत नाही. ताऱ्यांकडून येणारी लहर इतकी क्षीण असते की खिशातला मोबाइल तिच्यापुढे लाउडस्पीकर लावून बसलेला असतो. म्हणून आम्हा सगळ्यांचे मोबाइल बंद. तीन तास आमच्या सौभाग्यवतींना माहेरचा फोन आला नाही, आणि साहेबांना वसुलीचा आकडा विचारणारा झोनल ऑफिसचाही नाही. दोघांचेही चेहरे विलक्षण प्रसन्न दिसत होते.

नियंत्रण कक्ष मात्र पाहून मंडळींची निराशा झाली. पडदे, त्यांवर रेघा, कोपऱ्यात चहाचा कप. टाळ्या नाहीत, काही नाही. पण तरुण शास्त्रज्ञाने एका रात्रीची गोष्ट सांगितली आणि हेडकॅशियर खुर्ची शोधू लागले.

१९ ऑक्टोबर २०१६. युरोपचे स्क्यापारेल्ली नावाचे छोटे यान मंगळावर उतरणार होते. (ज्याच्यावरून हे नाव, त्या इटालियन ज्योतिर्विदाला १८७७ मध्ये मंगळावर रेघा दिसल्या. जगाने ते कालवे आहेत असे धरले. पुढे ते नव्हतेच असे ठरले. निवडणुकीआधी दिसणारे आणि नंतर न सापडणारे कालवे आमच्या भागातल्या शेतकऱ्याला समजावून सांगावे लागत नाहीत.) यानाचा ट्रान्समीटर काही वॅटचा, घरातल्या रात्रीच्या दिव्याएवढा. अंतर सतरा कोटी किलोमीटरांहून जास्त. तो दिवा पृथ्वीवरून थेट ऐकण्याचे काम खोडदच्या तबकड्यांकडे होते. जर्मनीतल्या डार्मस्टाटच्या नियंत्रण कक्षात युरोपची मंडळी श्वास रोखून बसली होती, आणि त्यांना बातमी जायची होती ती जुन्नर तालुक्यातून.

पडद्यावर अंधुक रेघ उमटली. यान जिवंत! त्या रेघेत शब्द नाहीत, फोटो नाहीत, फक्त सूर. पण सुराचा चढउतार बोलतो. आमच्या किर्लोस्करवाडी स्टेशनावरून न थांबता जाणाऱ्या गाडीची शिटी जवळ येताना चढी आणि लांब जाताना उतरती वाटते ना, तसेच. रेघ वाकली की समजायचे, वेग कमी झाला, पॅराशूट उघडले. ते उघडले. खोडदला रात्रीचे आठ वाजून गेले होते. आणि उतरायला मिनिटसुद्धा उरले नसताना रेघ संपली.

‘‘मग?’’ हेडकॅशियर.

‘‘मग काहीच नाही. वाट पाहिली.’’

चौकशीत पुढे जे निघाले, ते ऐकून मला घाम फुटला. पॅराशूट उघडताना यान इतके गरगरले की त्याचे मोजमापाचे यंत्र सुमारे सेकंदभर तुंबले. त्या चुकीच्या आकड्यावरून कॉम्प्युटरने उंचीचा हिशोब केला आणि उत्तर आले उणे! म्हणजे यान जमिनीच्या खाली आहे. प्रत्यक्षात ते ३.७ किलोमीटर वर होते. पण कॉम्प्युटरचा शब्द तो शब्द. त्याने पॅराशूट सोडून दिले, तीसेक सेकंद चालायची इंजिने तीन सेकंदांत बंद केली आणि उतरलोच आहोत म्हणून जमिनीवरची कामे चालू केली. यान दगडासारखे कोसळले, ताशी ५४० किलोमीटर वेगाने.

उणे शिल्लक म्हणजे काय, हे वाणिज्य शाखेच्या माणसाला कोणी शिकवायला नको. पण खातेदार समोर नोटांची थैली घेऊन उभा आहे आणि मशीन म्हणते तुमचे खाते उणे, तेव्हा आम्ही काउंटरवाले निदान मान वर करून थैलीकडे बघतो तरी. तिथे बघायला कोणी नव्हते. सिग्नलच पोचायला जवळजवळ दहा मिनिटे लागत होती. खोडदला रेघ तुटली तेव्हा सगळे होऊन गेले होते. मामा इतका वेळ गप्प होते. ते म्हणाले, ‘‘म्हंजे तुमी मयताची बातमी ऐकत हुता.’’ शास्त्रज्ञ हसला नाही. ‘‘शेवटपर्यंत ऐकलं,’’ एवढेच बोलला.

बाहेर पडल्यावर एका टपरीवर चहा घेतला. टपरीवाल्याकडे द्राक्षेही होती, आणि पलूसचा माणूस परक्या गावची द्राक्षे चाखल्याशिवाय परत जात नाही. (गोडी बरी, साल जाड. यापेक्षा जास्त कबुली माझ्याकडून मिळणार नाही.) बोलता बोलता रेल्वे निघाली. पुणे-नाशिक वेगवान रेल्वेचा मूळ आराखडा याच बाजूने जात होता. विजेची गाडी म्हणजे ठिणग्या, ठिणग्या म्हणजे रेडिओचा गोंगाट. दुर्बिणीला बाधा येईल म्हणून मार्ग बदलून शिर्डीकडून न्यायचे ठरले. त्यावर इथे आंदोलने झाली. मला ते लागले, कारण स्टेशन गावाचे काय करते हे आमच्या तालुक्याइतके कोणाला ठाऊक? १९१० मध्ये औंध संस्थानच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना मांडला, तो कुंडल रोड स्टेशन शेजारी होते म्हणून. निवडुंगाच्या जागी नांगर तयार होऊ लागले आणि पुढे स्टेशनाचेच नाव किर्लोस्करवाडी झाले. आणि इथे जगातले लोक येऊन आकाश ऐकतात, ते गाडी येत नाही म्हणून. शास्त्रज्ञांचे खरे, टपरीवाल्याचेही खरे. हा ताळेबंद मी बसमध्ये कराडपर्यंत जुळवत होतो, जुळला नाही.

‘‘तुमच्याकडं रेल्वे हाय?’’ टपरीवाल्याने विचारले.

‘‘आहे की. शंभर वर्षांवर झाली.’’

‘‘मग बशीनं कशाला आलात?’’

हेडकॅशियरांनी माझ्याकडे पाहिले, मी कपाकडे. टपरीवाल्याने हसून तराजूत द्राक्षांचा आणखी एक घड टाकला आणि वजन न बघताच पुडी बांधली.