करवीरच्या कचेऱ्या आणि १९०२ चा हुकूम

ता. २६ जुलै १९०२ रोजीं करवीर दरबारनें एक हुकूम काढला. शाहू छत्रपति त्या वेळीं सातव्या एडवर्ड बादशहांच्या राज्यारोहणानिमित्त विलायतेंत होते. त्या तारखेपासून संस्थानच्या नोकरींत ज्या जागा रिकाम्या होतील त्यांपैकीं शेंकडा ५० मागासलेल्या वर्गांतील लोकांस द्याव्या, असा हुकुमाचा आशय होता. मागासलेले म्हणजे कोण, हेंही त्यांतच सांगितलें होतें: ब्राह्मण, प्रभु, शेणवी, पारशी व इतर पुढारलेले वर्ग वगळून बाकी सारे. मद्रास सरकारचा याच धर्तीचा ठराव निघावयास १९२१ साल उजाडावें लागलें, यावरून करवीरच्या या लहानशा कागदाचें वय ध्यानांत यावें.

महाराजांनीं १८९४ च्या एप्रिलांत राज्यकारभार हातीं घेतला, तेव्हां संस्थानच्या सर्वसाधारण कारभारांतील ७१ जागांपैकीं ६० जागांवर ब्राह्मण अधिकारी होते, व कारकुनीच्या सुमारें ५०० जागांत ब्राह्मणेतर अवघे १०. हे आंकडे अनेकदां उद्धृत होतात, पण ते कसे घडून आले याचा विचार फारसा होत नाहीं. कोणीं दारावर पाटी लावून इतरांस मज्जाव केला होता, असें नव्हे. त्या काळीं कारकुनीची वाट उमेदवारींतून जात असे. एखाद्या ओळखीच्या शिरस्तेदाराच्या हाताखालीं मुलानें बिनपगारी बसावें, मोडी वळण घोटावें, नकला कराव्या, आणि जागा रिकामी झाली कीं ती त्यास मिळावी. ज्याच्या घरांत कोणी कारकून नाहीं त्याच्या कानांवर जागा रिकामी झाल्याची वार्ताच येत नसे. आणि आलीच तरी दोन वर्षें बिनपगारी बसण्याची ऐपत कुणब्याच्या घरीं कोठून असणार? असा हा बंदोबस्त कोणीही न ठरवतां झालेला होता, आणि म्हणूनच तो मोडणें कठीण होतें.

या हुकुमाच्या मुळाशीं वेदोक्त प्रकरणाचा राग होता असें म्हणण्याचा प्रघात आहे. आम्हांस तें अर्धसत्य वाटतें. वेदोक्ताचा वाद उपस्थित झाला तो १८९९ सालीं. भास्करराव जाधव या एम्. ए., एल्एल्. बी. झालेल्या तरुणास महाराजांनीं संस्थानच्या नोकरींत आणलें तें १८९५ सालीं. त्या वादानें महाराजांचें मन दुखावलें व निश्चय दृढ झाला, हें खरेंच. परंतु रागाच्या भरांत लिहिलेला कागद वेगळा दिसतो. या कागदांत एक तर्क आहे, आणि तो नीट वाचण्यासारखा आहे.

सर्व वर्गांत शिक्षणाचा प्रसार व्हावा म्हणून आपण यत्न केले, परंतु मागासलेल्या वर्गांत त्यांस हवें तसें यश आलें नाहीं, असें दरबार आरंभींच कबूल करतो. याचें कारण काय? तर उच्च शिक्षणाचें फळ पुरेशा विस्तृत प्रमाणावर वाटलें जात नाहीं, हें. त्या काळचे (आणि पुढचेही) बहुतेक विद्वान् म्हणत कीं आधीं शिका, मग नोकऱ्या मागा. दरबारनें हा क्रमच उलटा केला. ज्या शेतकऱ्याच्या जातीचा एकही मनुष्य कचेरींत खुर्चीवर बसलेला त्यास दिसत नाहीं, तो आपल्या मुलास नांगरावरून काढून इंग्रजी शाळेंत कशाच्या आशेवर घालील? आम्हां अध्यापकांस विद्यार्थ्यांच्या बुद्धीची परीक्षा घेण्याची संवय असते. बुद्धि शाळेपर्यंत येते कशी, हा प्रश्न सहसा आमच्या वांट्यास येत नाहीं. करवीरच्या या कागदानें तो विचारला. अर्थात् केवळ आशेवर मुलगा शहरांत राहूं शकत नाहीं. त्याच्या जेवण्याखाण्याची व निवाऱ्याची सोय १९०१ च्या व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगपासून सुरू झाली होती. पुढें मुसलमान, लिंगायत व अस्पृश्य विद्यार्थ्यांचीं वसतिगृहें निघालीं. हुकूम आणि वसतिगृहें यांचा विचार निरनिराळा करतां येत नाहीं.

हुकुमाचा शेवटचा भाग रूक्ष म्हणून बहुतेक लेखक सोडून देतात. आमच्या मतें खरा जीव त्यांतच आहे. ज्या खात्यांत मागासलेल्यांचें प्रमाण निम्म्याहून कमी असेल तेथील पुढची नेमणूक त्या वर्गांतीलच माणसाची व्हावी, आणि हुकुमानंतर केलेल्या सर्व नेमणुकांचें तिमाही पत्रक प्रत्येक खातेप्रमुखानें सादर करावें, असें त्यांत आहे. उदात्त जाहीरनामे हिंदुस्थानांत पूर्वीही निघाले होते. १८५८ च्या राणीच्या जाहीरनाम्यांत जातिधर्म न पाहतां नोकरी देण्याचें आश्वासन होतेंच; पण त्याचा हिशेब दर तीन महिन्यांनीं कोणीं मागितला नाहीं. पत्रक भरावयाचें म्हटलें कीं खातेप्रमुखास आपल्या भाच्याचें नांव लिहितांना क्षणभर थांबावें लागतें. १९१२ पर्यंत वरच्या ९५ जागांपैकीं ब्राह्मण अधिकारी ३५ उरले होते.

याविरुद्ध आरडाओरड झाली, ती व्हावयाचीच होती. कार्यक्षमता बुडेल, हा मुख्य आक्षेप. तो सर्वस्वीं स्वार्थमूलक होता असें आम्ही म्हणणार नाहीं. कष्टानें विद्या मिळवलेल्या गरीब ब्राह्मणाच्या मुलासही जागा हवी होती, व त्याच्या निराशेची थट्टा करणें बरें नव्हे. पण आक्षेपक एक गोष्ट विसरत. हुकूम रिकाम्या होणाऱ्या जागांपुरता होता, व त्यांतही अर्ध्यांपुरता. म्हणजे कोणाच्या पायाखालची सतरंजी काढलेली नव्हती. (शेंकडा ५० या आंकड्याचें दैव मोठें विचित्र. करवीरांत तो मागासलेल्यांचा वांटा म्हणून आला. १९९२ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तोच आंकडा राखीव जागांची सर्वसाधारण कमाल मर्यादा म्हणून घातली.)

हुकुमांतील खरें वैगुण्य आक्षेपकांनीं दाखविलें तें नव्हेच. मागासलेले या एकाच शब्दांत जहागीरदाराच्या नात्यांतला मराठा आणि गांवकुसाबाहेरचा महार असे दोघेही आले. जागा मोकळी झाली कीं ती पहिल्याकडे जाणार हें उघड होतें. दुसऱ्याला तर कचेरीच्या पायरीवरच अडवलें जाई. महाराजांस हें कळून चुकलें होतें, असें पुढील घटनांवरून दिसतें. १९१८ सालीं वंशपरंपरेचीं कुलकर्णी वतनें काढून पगारी तलाठी नेमण्यास आरंभ झाला, व त्या कामांत अस्पृश्य तरुणांसही घेण्यांत आलें. परंतु तलाठी नेमला म्हणून त्याच्या हातचा कागद शेजारचा कारकून घेईलच असें थोडेंच आहे? जागा देणें आणि जागेवर बसूं देणें या दोन गोष्टी आहेत. म्हणून १९१९ सालीं वेगळे हुकूम निघाले. सरकारी खात्यांत नोकरीस असलेल्या अस्पृश्यांस ममतेनें व समतेनें वागवावें. ज्या अधिकाऱ्यास असें वागणें मान्य नसेल त्यानें हुकूम पोंचल्यापासून सहा आठवड्यांच्या आंत राजीनामा द्यावा, आणि त्यास पेन्शन मिळणार नाहीं.