वक्र पृष्ठांवरील पुंजभोवरे

अतिशीत अणुवायूचा पातळ थर वक्र पृष्ठावर पसरलेला असताना त्यात निर्माण होणारे, ठरावीक मापाचेच अभिसरण असलेले भोवरे. त्यांची ऊर्जा आणि वाटचाल पृष्ठाच्या आकारावर अवलंबून असते.

रुबिडियमचा विरळ वायू केल्विनच्या एक-दोन कोट्यंशापर्यंत थंड केला की त्याचे अणू एकाच पुंजावस्थेत जमतात. बोस व आइन्स्टाइन यांच्या १९२४-२५ मधील कामातून पुढे आलेले हे संघनन १९९५ मध्ये अमेरिकेत बोल्डर येथे एरिक कॉर्नेल आणि कार्ल वायमन यांनी घडवून आणले. तसल्या वायूतला भोवरा तेथेच १९९९ मध्ये दिसला. सर्व अणूंचा मिळून एकच तरंग असल्याने भोवऱ्याभोवती एक फेरी पूर्ण होताच तरंगाची प्रावस्था स्वतःशी जुळावी लागते. म्हणून अभिसरण, म्हणजे प्रवाहाचा वेग गुणिले फेरीची लांबी, प्लांक स्थिरांक भागिले अणूचे वस्तुमान, या मापाच्या पूर्ण पटीतच मिळते. रुबिडियम-८७ साठी हे माप सेकंदाला सुमारे ०.००४६ चौ. मिमी. आहे.

वक्रतेचा परिणाम वर्तुळाच्या परिघावरून उलगडतो. उत्तर ध्रुवापासून विषुववृत्त सुमारे १०,००० किमी. दूर आहे. सपाट कागदावर एवढ्या त्रिज्येच्या वर्तुळाचा परीघ सुमारे ६२,८०० किमी. भरला असता, विषुववृत्त मात्र सुमारे ४०,००० किमी.च आहे. अभिसरण ठरलेले, त्यामुळे परीघ आखूड झाला की प्रवाहाला वेग वाढवावा लागतो आणि भोवऱ्याची गतिज ऊर्जा वाढते. खोगिरासारख्या, म्हणजे ऋण वक्रतेच्या भागात परीघ लांबतो आणि ऊर्जा घटते. परिणामी धन वक्रता भोवऱ्याला दूर लोटते, ऋण वक्रता जवळ ओढते, मग तो डावीकडे फिरो वा उजवीकडे. दोन भोवऱ्यांमधले बल त्यांच्या फिरण्याच्या दिशांवर ठरते. वक्रता मात्र दिशा विचारत नाही, ही या विषयातली सर्वांत लक्षणीय गोष्ट आहे. तरीही घर्षण नसेल तर उंचवट्याजवळचा एकटा भोवरा उतारावरून खाली घरंगळत नाही. बलाला काटकोनात सरकत तो उंचवट्याला प्रदक्षिणा घालतो.

बंद गोलावर आणखी एक बंधन येते. तेथे कोणत्याही वलयाच्या दोन्ही बाजू पृष्ठाचाच भाग असतात; सर्व भोवऱ्यांच्या अभिसरणांची बेरीज शून्यच भरते. एकटा भोवरा गोलावर राहूच शकत नाही, त्याला उलट दिशेचा जोडीदार लागतो. परिपूर्ण गोलावर वक्रता सर्वत्र सारखी असल्याने कोणतीही जागा जास्त पसंतीची नसते, सारे काही दोघांमधल्या अंतरावर ठरते. समोरासमोरच्या ध्रुवांवर ही जोडी स्थिर राहते, पण तेथे तिची ऊर्जा सर्वाधिक असते. थोडी ऊर्जा गळू लागली की दोघे एकमेकांकडे सरकतात आणि भेटून नाहीसे होतात. वायूचे हे गोल कवच पुरेशा वेगाने फिरत ठेवले तर जोडी ध्रुवांवर टिकू शकते.

असे पोकळ कवच घडवण्याची युक्ती ऑलिव्हर झोबे व बॅरी गॅरावे यांनी २००१ मध्ये सुचवली : चुंबकीय सापळ्यातील अणूंवर रेडिओ लहरी सोडायच्या. पृथ्वीवर मात्र गुरुत्वाकर्षणामुळे अणू कवचाच्या तळाशी साचतात. म्हणून हा प्रयोग आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरील नासाच्या शीत अणू प्रयोगशाळेत झाला व तेथील अतिशीत बुडबुड्यांचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी हाँगकाँगमध्ये सोडियम व रुबिडियम यांच्या मिश्रणातून जमिनीवरच कवच साधले गेले. तेथे रुबिडियम गाभ्यात राहते आणि त्याला न मिसळणारे सोडियम भोवती पसरते. या दोन्ही प्रयोगांचा रोख कवच घडवण्यावर व त्याचे गुणधर्म तपासण्यावर होता. भोवऱ्यांवर वक्रतेचा परिणाम मोजायचा तर कवच एकसारख्या जाडीचे असणे फार महत्त्वाचे, कारण भोवऱ्याची ऊर्जा थराच्या घनतेसोबत वाढते. जाडी कमी-जास्त असली की तो विरळ भागाकडे ओढला जातो आणि वक्रतेचा सूक्ष्म परिणाम त्या ओढीत झाकला जातो.