रात्रीची आया आणि परतीचं तिकीट

गणित अगदी साधं होतं. दोन बाळं, दर तीन तासांनी दूध, म्हणजे दिवसाला १६ वेळा. पाजणं, ढेकर काढणं, लंगोट बदलणं आणि नशिबात असेल तर झोपवणं, असं प्रत्येक वेळी ४० मिनिटं धरा. झाली ६४० मिनिटं, म्हणजे साडेदहा तासांहून जास्त. जुळी घरी आल्यानंतर पाचव्या रात्री, पहाटे तीन वाजता, हे गणित मी एका पाकिटाच्या मागे मांडलं आणि कौतुकाने बायकोला दाखवलं. सिझेरियनचे टाके सांभाळत बसलेल्या बाईला असली गणितं दाखवू नयेत, हे पीएचडीत कुणी शिकवत नाही!

खरं तर आई येणार होती. सहा महिन्यांचा व्हिसा आला होता, डिंकाचे लाडू डब्यात भरून तयार होते. आणि निघायच्या आठवड्यात बाबांची बायपास ठरली. सासूबाई जाऊन चार वर्षं झाली. नाशिकला असतो तर मालिशवाली बाई, वाड्यातल्या काकू, कुणी ना कुणी आलंच असतं. इथे लंडनमध्ये शेजारच्या आजींनी अभिनंदनाचं कार्ड पाठवलं. छान होतं कार्ड. असो.

मग रात्रीची नॅनी शोधायला घेतली. रात्री दहाला यायचं, सकाळी सहाला जायचं. मधल्या वेळात बाळं तिची, झोप आमची. पैसे म्हणाल तर घराच्या हप्त्याशी स्पर्धा करणारे, म्हणून आठवड्यातून चारच रात्री परवडणार होत्या. इंग्लंडमध्ये नॅनीला सरकारी नोंदणी सक्तीची नाही, त्यामुळे सगळा भरवसा आधीच्या घरांच्या शिफारशींवर आणि पोलीस-तपासणीच्या दाखल्यावर. तीन फोन, दोन नकार, आणि मग एका सहकाऱ्याच्या ओळखीतून एक फिलिपिनो बाई आल्या. पन्नाशीच्या, बुटक्या, कमालीच्या शांत. "मला आते म्हणा," म्हणाल्या. त्यांच्या तागालोग भाषेत आते म्हणजे मोठी बहीण. आमच्याकडे बाळांना आपोआपच आत्या मिळाली.

आतेंनी बाळांना हात लावायच्या आधी पिशवीतून चार पानांचा करार काढला. कामाचे तास, सुट्टीची सूचना, ऐनवेळी 'येऊ नका' सांगितलं तर पैसे किती, उशीर झाला तर टॅक्सी कोणाची. मला जरा रागच आला. घरात पोरं रडताहेत आणि ह्या बाई कलमं वाचून दाखवताहेत! आपल्याकडे कामवाल्या मावशींशी कोण करार करतं? सही केली, पण तोंड वाकडं करूनच.

त्या रागाचं उत्तर मला घरापासून दहा मिनिटांवर मिळालं. आम्ही हॅकनीत राहतो. बाळांना ढकलगाडीत घालून मी दुपारी मेअर स्ट्रीटच्या बाजूला फिरवत असे, कारण गाडी थांबली की दोघं उठत. तिथल्या किंग एडवर्ड्स रोडवर २६ नंबरच्या घरावर इंग्लिश हेरिटेजची निळी पाटी आहे. २०२२ साली लागलेली. इथे आयांचं घर होतं, असं सांगणारी. गाडी अर्थातच थांबली आणि दोघं अर्थातच उठली.

आया हा शब्द आपल्याला घरचा वाटतो, पण तो आला पोर्तुगीजांकडून. हिंदुस्थानातली गोरी कुटुंबं मायदेशी निघाली की बोटीवर मुलांना सांभाळायला आया सोबत घेत. पुष्कळदा ती फक्त त्या प्रवासापुरतीच ठेवलेली असे. १८६९ साली सुएझ कालवा उघडल्यावर ही ये-जा फार वाढली. आठवड्यांमागून आठवडे, बोट लागलेली पोरं, वर बोट लागलेली मडमसुद्धा. माझ्या पाकिटावरच्या गणितात समुद्र घालून पाहा म्हणजे त्या कामाचा अंदाज येईल. ५४ वेळा हा प्रवास केलेल्या एका आयेची नोंद आहे! पण बाकी बहुतेकींची नावंसुद्धा राहिली नाहीत. बोटीच्या यादीत 'अमक्या मडमची आया' एवढंच.

आणि लंडन आलं की तिचं काम संपे. परत कसं जायचं, हा प्रश्न तिथून सुरू होई. काही मालक परतीचं तिकीट देत, काही नुसता शब्द देत. १९०८ साली एका आयेला किंग्ज क्रॉस स्टेशनवर हातात एक पौंड ठेवून सोडून दिल्याची नोंद आहे. अशा बायकांसाठी आधी आल्डगेटला एक घर होतं. १९०० मध्ये लंडन सिटी मिशनने ते हाती घेऊन हॅकनीत आणलं, आणि १९२१ मध्ये त्याच रस्त्यावर ४ नंबरला हलवलं. तीसेक खोल्या होत्या. मिशनऱ्यांचं घर म्हटल्यावर प्रार्थना आणि धर्मोपदेश आलाच, पण डोक्यावर छप्पर आणि पानात भात होता, हेही खरं.

मला त्यातली तिकिटाची व्यवस्था सगळ्यात चमत्कारिक वाटली. आयेला आणणारी बाई तिचं परतीचं तिकीट घराच्या मेट्रनकडे देई. हिंदुस्थानात जाणाऱ्या दुसऱ्या कुटुंबाला आया हवी असली की मेट्रन ते तिकीट त्यांना विके आणि त्या पैशांत आयेचा राहण्याखाण्याचा खर्च निघे. म्हणजे घरी जायचं तर पुन्हा कुणाची तरी पोरं सांभाळतच! इंजिनियर म्हणून मला ही योजना चोख वाटते. पण तिच्या जागी माझी आई असती तर?

हे आतेंना एका पहाटे सांगितलं. त्या मुलाची पाठ थोपटत ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "माझा पासपोर्ट मॅडमच्या पर्समध्ये असायचा." त्या आखातातल्या एका कुटुंबाबरोबर २००९ साली लंडनला आल्या होत्या. तेव्हाच्या नियमानुसार घरकामगाराला मालक बदलता येत असे, व्हिसा वाढवता येत असे, म्हणून त्या सुटल्या. २०१२ च्या एप्रिलपासून हा व्हिसा सहा महिन्यांचा आणि आणणाऱ्या मालकाशीच बांधलेला झाला. २०१६ मध्ये मालक बदलायची मुभा परत मिळाली, पण उरलेल्या महिन्यांपुरतीच. पाच महिने उलटल्यावर पळालेल्या बाईला उरलेल्या एका महिन्यासाठी कोण कामावर ठेवणार?

त्यांची स्वतःची मुलगी तेव्हा सहा वर्षांची होती, सेबूला आजीकडे. आता ती नर्स आहे. हे सांगतानाही आतेंचा थोपटण्याचा ताल चुकला नाही.

पुढच्या महिन्यात करार वाढवायचा होता. ह्या वेळी पानं मी टाइप केली, आणि डिसेंबरात त्या सेबूला जातील त्या तीन आठवड्यांचा अर्धा पगार त्यात घातला. आतेंनी चष्मा लावून चारही पानं वाचली, दुसऱ्या पानावर माझी तारखेची चूक काढली, ती दुरुस्त करून घेतली आणि मगच सही केली. तेवढ्यात धाकटीने सूर लावला. सव्वादहा वाजले होते. आम्ही झोपायला गेलो.